काट्यावरचं गाणं

बाभळीखाली परडी घेऊन एखादं माणूस उभं दिसलं, तर त्याचे अर्थ दोनच. एक तर ते शेळीसाठी शेंगा वेचायलंय, नाही तर त्याला वेड लागलंय. वीरुपाक्षानं सायकलवरून चौफेर नजर फिरवली. शेळी कुठंच नव्हती.

मुलगी मात्र देखणी होती. वेडी निघाली तर लय वाईट झालं, असं वाटावं इतकी देखणी. देवपूजेची पितळी परडी डाव्या हातात, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती काटे तोडत होती. मोगरा तोडावा तशी. तोडलेला काटा उन्हात धरायची, एक डोळा बारीक करायची, बोटाच्या टोकाला टोचून पाहायची आणि नाक मुरडून फेकून द्यायची. बांधावर दगडाबाई पानाला चुना लावत बसली होती. ही सिद्धलिंगअप्पा कापडवाल्यांकडं पाणी भरायची, हे अख्ख्या पाथरीला ठाऊक होतं. म्हणजे ही मुलगी अप्पांची लेक उमादेवी!

वीरुपाक्ष सायकलवरून उतरला. उतरायचं काही कारण नव्हतं. उलट तहसिलीत उशीर होत होता.

"काय करायलात?" त्यानं विचारलं.

"दिसत न्हाई? काटे तोडायले."

"कशाला?"

"गाणं ऐकायला."

वीरुपाक्षानं मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं, आपल्याला काहीच कळलेलं नाही.

"फोनोच्या तबकडीला सुया मिळंनात," ती म्हणाली. "लढाई लागल्यापासून हैदराबादेतसुद्धा न्हाईत. मग काटा लावते. वाळलेला, सरळ, न वाकणारा. एका काट्यात एक गाणं होतं... तुमी मठात सोमवारी गाता ते मुन्शीजी ना?"

ती आपल्याला ओळखते, या आनंदात त्याच्या हातून सायकल सुटली आणि बांधावर, नेमकी दगडाबाईच्या पानपुड्यावर पडली. "मेल्या!" दगडाबाई म्हणाली. ओळख झाली ती अशी.

वीरुपाक्ष पाथरीच्या तहसिलीत हंगामी नक्कलनवीस होता. फर्मान असो, फेरफार असो की बैलाच्या भांडणाचा निकाल, समोर येईल त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि खाली लिहायचं, 'नक्कल मुताबिक असल', म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम. मूळ कागदावर चूक असेल तर चूक उतरवायची. शाईचा डाग असेल तर 'येथे डाग आहे' असं लिहायचं. सुधारणा करणाऱ्याची नोकरी जायची. चार वर्षांत त्यानं एकही गोष्ट सुधारली नव्हती, आणि याचा त्याला रास्त अभिमान होता.

पण गाण्यात त्याला नक्कल चालायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाभळीखाली त्यानं हे तिला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो तिथं का होता, हे कुणी विचारलं नाही.

"तबकडी म्हणजे नक्कल. त्या बाईला तुमी 'वाहवा' म्हणलात, तर तिला ऐकू जाईल का?"

"न जाऊ दे. मी तिला ऐकवायला थोडीच बसते? मी ऐकायला बसते."

"समोर बसून ऐकण्यात जी मजा हाय—"

"समोर?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "गेल्या साली परभणीला मोठी बैठक झाली. आमी बायका चिकाच्या पडद्यामागं. तीन तास बसले, मुन्शीजी. ऐकू काय आलं, तर कुणाच्या तरी सुनंनं लोणच्यात मीठ जास्त घातलं. ती सून कोण, ते सुद्धा नीट ऐकू आलं न्हाई. घरी तबकडीवरची छबीजान माझ्या पुढ्यात गाते. मी पाय पसरून ऐकते. खोकला आला तर खोकते... तुमच्या मठात येऊन मी खोकले तर चालंल?"

"तुमी... खोका की," वीरुपाक्ष म्हणाला. प्रेमात माणूस याहून वाईट बोलल्याचं ऐकिवात नाही.

तिनं परडी उचलली. "उद्या जरा लांब काटे आणा," असं म्हणून ती गेली. 'आणा' म्हणाली! आणाल का, असं विचारलंसुद्धा नाही.

तिथून वीरुपाक्षाची झोप उडाली. तो काट्यांचा जाणकार झाला. त्याचं मत असं बनलं की पोखर्णीच्या वाटेवरचा काटा सुरेल, पाथरीचा जरा नाकात गाणारा, आणि पिंगळी स्टेशनजवळचा इंजिनाच्या धुरानं साफ बेसूर. रोज एक पुडी, तहसिलीच्या रद्दी कागदात बांधलेली. फुलं दिली असती तर अर्ध्या दिवसात बोभाटा झाला असता. काटे देणाऱ्याचा संशय कुणाला येतो? उलट अप्पाच त्याला दुकानातून हाक मारायचे, "या मुन्शी, या! कालचा काटा लय गोड लागला!"

अप्पा गाद्यांवर बसून ऐकायचे, उमा दाराच्या चौकटीला टेकून. वीरुपाक्ष फोनोला चावी द्यायचा. ज्या बाईशी त्याचं वैर, तिच्यातच तो दम भरत होता. गाणं संपता संपता छबीजान ठसक्यात सांगायची, "मेरा नाम छबीजान, औरंगाबादवाली!" त्या काळी गाणाऱ्या बाया शेवटी आपलं नाव सांगत. उमा ओठातल्या ओठात तेच म्हणायची, आणि वीरुपाक्षाला वाटायचं, आता आपणही आपलं नाव सांगून टाकावं. पण तो तबकडी उलटायचा. तहसिलीत त्यानं एका विहिरीच्या निकालात वादीचं नाव 'उमादेवी' लिहिलं. वादी होता आश्रुबा. चार वर्षांतली पहिली चूक.

पौष सरत आला तेव्हा पुडी घेताना ती हळूच म्हणाली, "गुरुवारी उदगीरचे लोक यायलेत... मला बघायला."

वीरुपाक्षाच्या हातातली पुडी सुटली नाही. फक्त चुरगळली.

"त्यांच्याकडं रेडिओ हाय म्हणं," तो म्हणाला.

"हाय. बॅटरीवरचा."

"मग?"

"मग काय मग? रेडिओ त्याच्या मनाचं गातो, म्हणून मुलाच्या वडलांना फोनो पाहिजे. मुलीसोबत फोनो येत असंल तरच मुलगी पसंत, असं कळवलंय. फोनो आधी ऐकनार, मग मला बघनार."

"आन् तुमाला... पसंत हाय?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. इतकं सरळ की त्यानंच नजर खाली घेतली.

"मुन्शीजी, गुरुवारी एक काटा असा आणा," ती म्हणाली, "जो टिकनार न्हाई."

एवढंच बोलली आणि आत गेली. वीरुपाक्ष दुकानाच्या पायरीवर किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. दोन गिऱ्हाइकांनी त्याला मांजरपाटाचा भाव विचारला, आणि त्यानं दोघांनाही सांगितला.

गुरुवारी काटा तयार होता. रातभर पाण्यात भिजवलेला, वरून नुसता पुसलेला. दिसायला रुबाबदार, आतून शेवयीसारखा.

मुलाचे वडील, उदगीरचे मन्मथअप्पा, बैलांच्या दमणीतून उतरले. अंगानं भरदार, कान विशेष मोठे. मागून नवरदेव उतरला. तो बैठकीत बसल्यापासून आपल्या चपला चोरीला जातील या काळजीत दाराकडंच बघत होता.

सिद्धलिंगअप्पांची अडचण वेगळीच होती. फोनोला सुई नाही, काटा लावतो, हे व्याह्यांना दिसलं तर अब्रू जाणार. म्हणून त्यांनी मधे पडदा बांधला होता. फोनो पडद्याआड, कर्ण्याचं तोंड तेवढं बाहेर. आणि फोनोजवळ, चावी द्यायला, वीरुपाक्ष. उमा बाहेर चटईवर, कर्ण्याच्या अगदी समोर, मान खाली घालून बसली होती. पडद्याच्या फटीतून त्याला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. अर्धाही पुरेसा होता.

"ऐकवा," मन्मथअप्पा म्हणाले.

वीरुपाक्षानं भिजका काटा लावला. छबीजान सुरू झाली. ठरल्याप्रमाणं काटा झिजू लागला, आवाज फाटू लागला. उमाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. आणि छबीजान "बालमा, अब तो आ—" म्हणाली न म्हणाली तोच काटा बसला. सगळं चिडीचूप.

बेत फत्ते झाला होता. फक्त एक घोटाळा होता. काटा बसला तो सोळाव्या मात्रेवर.

गाणाऱ्या माणसाला कशाचंही दुःख सोसतं. पण सोळा मात्रांचा फेरा पूर्ण होऊन सम यायची, आणि ती एका मात्रेच्या अंतरावर येऊन थांबावी, हे सोसत नाही. दारात आलेली शिंक परत जावी, तसं होतं. वीरुपाक्षानं दात आवळले. मुठी आवळल्या. गप्प राहा, तो स्वतःला म्हणाला, अख्खा जन्म पणाला लागलाय, गप्प राहा... उमाचं नशीब, आपलं नशीब, सगळं त्या एका 'ओ'वर अडलेलं...

"—ओ!" वीरुपाक्ष गायला.

सम आली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पण सम आली की पुढचा फेरा सुरू होतो, हा गाण्याचा मोठाच दोष आहे. तो गात सुटला.

"बाईचा आवाज एकदम घोगरा झाला," मन्मथअप्पा म्हणाले.

सिद्धलिंगअप्पांच्या कपाळावर घाम फुटला. "ही... जोडप्याची तबकडी हाय. अर्धी बायको गाते, अर्धी नवरा."

"अस्सं!" मन्मथअप्पा पुढं सरकले. "नवरा जास्त चांगला गातो."

आत वीरुपाक्ष घामानं निथळत होता. हात नक्कलनवीसाचा, गळाही नक्कलनवीसाचा. तबकडीवर जे जसं होतं, ते तसंच उतरत गेलं. अंतऱ्यात एक चरा होता, तिथं त्यानं "कट्" म्हटलं. पुढं तबकडी दोनदा अडकायची, तिथं तो दोनदा अडकला. आणि गाणं संपल्यावर, सवयीनं, देवाशपथ नुसत्या सवयीनं, त्यानं भरदार मर्दानी आवाजात सांगून टाकलं:

"मेरा नाम छबीजान, औरंगाबादवाली!"

नवरदेवानं पहिल्यांदाच दारावरची नजर काढली.

"लय भारी यंत्र!" मन्मथअप्पांनी मांडीवर थाप मारली. "पसंत! मुलगी बी पसंत! माघातलाच मुहूर्त धरा."

पडद्याआड वीरुपाक्षानं डोळे मिटून घेतले. स्वतःच्या गळ्यानं स्वतःचा गळा कापणारा माणूस निजामाच्या मुलखात दुसरा नसेल. बाहेर गूळ-खोबरं वाटल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. मग पडदा सर्रकन बाजूला झाला.

समोर उमा उभी होती. रागावलेली. इतकी की नाकातली मोरणी थरथरत होती. फोनोशेजारी मांडी घालून बसलेला, कानाला काटा खोचलेला वीरुपाक्ष सगळ्या उदगीरला दिसला.

"हे कोण?" मन्मथअप्पांनी विचारलं.

"हे यंत्र," उमा म्हणाली.

"उमे!" सिद्धलिंगअप्पा ओरडले. पण त्यांच्याच्यानं उठवेना.

"तुमाला पसंत पडलं ते हे हाय, मामा," ती मन्मथअप्पांना म्हणाली. "पाथरीच्या तहसिलीत नोकरीला हाय. हे उदगीरला येनार न्हाई." मग वीरुपाक्षाकडं वळून, जरा खालच्या आवाजात, "...का येनार हाय?"

"न्हाई," वीरुपाक्ष म्हणाला. आणि एवढी वेळ आलीच आहे तर, म्हणून पुढं म्हणाला, "मेरा नाम... म्हंजे माझं नाव वीरुपाक्ष. मला ह्या पसंत हायत. पहिल्या दिवसापासून. सायकल पडली तवापासून."

मन्मथअप्पांनी बराच विचार केला. ते समंजस गृहस्थ होते. एकदा यंत्राकडं पाहिलं, एकदा यंत्राकडं.

"मग आमी," ते म्हणाले, "यातलं कोणतं न्यायचं?"

"फोनो न्या," उमा म्हणाली.

म्हणताना तिचा आवाज जरासा चिरला. तो एकट्या वीरुपाक्षाला ऐकू आला, कारण तो समोर बसला होता.

उदगीरची दमणी निघाली तेव्हा नवरदेवाच्या मांडीवर कर्णा होता, आणि चपला शाबूत असल्यानं तो खुशीत होता. सिद्धलिंगअप्पांनी दार लोटलं. गेलेली अब्रू आणि गेलेला फोनो, यांत जास्त दुःख कशाचं, हे त्यांचं ठरेना.

"मुन्शी," शेवटी ते म्हणाले, "तुमचं मोठं माणूस कोण?"

"काका. हिंगोलीला."

"बोलवा त्यास्नी. लवकर. मला घर सुनं लागायलंय." आणि पगडी काढून, खुंटी चुकवून, जमिनीवर ठेवून ते आत गेले.

सोप्यात दोघंच उरली. फोनो होता तिथं धुळीत एक चौकोन तेवढा उरला होता. उमा त्याच्याकडं बघत चटईवर टेकली.

"राग गेला का?" वीरुपाक्षानं विचारलं.

"न्हाई. तुमचं गाणं फोनोइतकं चांगलं न्हाई."

"ठाऊक हाय."

"म्हणा."

"कोणतं?"

"तबकडीवर नसलेलं."

वीरुपाक्षानं घसा साफ केला. सूर लावला, आणि तो मधेच फाटला. दर सोमवारी मठभर माणसांपुढं गाणारा माणूस. एका माणसापुढं तो अडखळला. त्यानं कसनुसं हसून पुन्हा पहिल्यापासून धरायला श्वास घेतला.

"अंहं," ती म्हणाली. "मागं नका जाऊ. फाटलं तिथून पुढं जा."

तो पुढं गेला. काय येणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ती हळूहळू पाय पसरून बसली, भिंतीला टेकली, आणि थोड्या वेळानं तिनं मांडीवर बोटांनी ताल धरला... साफ चुकीचा. सम एकीकडं, थाप भलतीकडं.

वीरुपाक्षानं एकदा तिच्या बोटांकडं पाहिलं, आणि आपली सम तिथं नेऊन ठेवली.