झटका न बसलेली वासरं

तिसरं वासरू नाहीसं झालं त्या सकाळी मामांनी गुराख्याला चोर ठरवलं आणि सुट्टीचे सगळे बेत कोपऱ्यात जाऊन पडले. तराफ्यासाठी जमवलेले चार रिकामे डबे अंगणात लोळत होते. त्यांच्याकडे बघायला कोणाला उसंत होती?

बेत आखणारी मुकादम. वय तेरा, आवाज पन्नाशीचा. तिचा धाकटा भाऊ ढापण्या; त्याचा चष्मा नाकावर आणि नाक दुसऱ्यांच्या कामात. तिसरी मामांची मुलगी खारू, दहा वर्षांची. तिचा हात चाटल्याशिवाय टिकलीची सकाळ होत नसे, आणि आज गेलेलं वासरू टिकलीच होतं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. कुरणाभोवती दोन तारा, आणि तारांना वीज सोडणारं झटका मशीन गोठ्याच्या भिंतीवर. नवंकोरं, रात्रीच्या बारक्या दिव्याहूनही कमी वीज खाणारं. जनावरानं तारेला नाक लावलं की खाडकन झटका बसतो. मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. तारा शाबूत, खांब सरळ, अठराच्या अठरा गाई आत. कुंपण बिघडलं असतं तर आधी गाई गेल्या असत्या, वासरं काय उडून गेली? म्हणजे फाटकातून कोणीतरी नेली. आणि फाटकाची किल्ली गुराख्याकडे.

एवढी अक्कल चालवून मामा डेअरीवर गेले आणि दूध घालायला आलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर त्याला चोर म्हणाले. एकोणीस वर्षं राबलेला माणूस. त्यानं किल्ली दुधाच्या कॅनवर ठेवली आणि निघाला. संध्याकाळच्या बसनं तो कायमचा जाणार होता. मामींनी मामांना पुष्कळ सुनावलं. पण त्या कानांनी लग्नापासून काही आत घेतलं नव्हतं, ते आज काय घेणार?

दुपार झाली तरी खारू पायरीवर बसून हुंदके देत होती. गुराखीकाका असं करणारच नाहीत, हे एकच वाक्य तिनं दहा वेळा म्हटलं.

"रडून बस थांबत नाही," मुकादम म्हणाली. "ऊठ. कुरणात जाऊ."

टिकलीची आई एका खांबापाशी उभी होती. मान बाहेरच्या उताराकडे, हंबरून हंबरून आवाज बसलेला. पण तारेपासून हातभर लांबच. बाकीच्या गाईही तेवढ्याच लांब चरत होत्या. तारेखालच्या गवताला कोणी शिवलेलं नव्हतं, ते गुडघाभर वाढलेलं.

ढापण्यानं चष्मा पुसला. एवढं छान गवत सोडतात म्हणजे भितात, असं तो म्हणतोय तोच एक लहानगं वासरू त्याच गवतात शिरलं. खालच्या तारेखाली वाकलं. तार त्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत घासत गेली आणि ते साधं दचकलंसुद्धा नाही. शेपूट उडवत बाहेर.



ढापण्यानं गवताचं लांब पातं तारेला टेकवलं, मग हळूहळू बोटं पुढे सरकवली. गुराखीकाकांनीच शिकवलं होतं त्याला; वीज असेल तर पात्यातून आधी मुंग्या येतात. मुंग्या नाहीत. मग त्यानं डोळे मिटून तार मुठीत धरली. काही नाही.

"मेलेली आहे तार," तो म्हणाला. "गाई आठवणीला घाबरतायत. आणि या वासरांना आठवणच नाहीये."

मग धावाधाव. वासरू उतारानं पुढे, ही तिघं मागे. वासरू थेट जुन्या वीटभट्टीच्या मातीच्या खाणीकडे निघालं होतं, कारण तिथे पाणी होतं आणि हिरवं दिसत होतं. तीन वासरं गेली तर मामांनी बाजार पालथा घातला, सडकेवरच्या ट्रकवाल्यांना विचारलं; घरामागच्या खाणीत डोकावायला कोणाला सुचलं नव्हतं. चोर पक्का ठरला की शोधायचं कशाला?

मुकादमनं काठावर वासराच्या मानेला मिठी मारली आणि त्याला रेटून मागे आणलं. म्हणून ते वाचलं. खाली चिखलात दोन पाठी दिसत होत्या, फुगलेल्या, माश्या बसलेल्या. त्यांच्या अलीकडे टिकली. तोंड वर करून रुतलेली.

खारू पोटावर सरपटत गेली, भावंडांनी तिचे पाय धरले. तिनं टिकलीच्या तोंडाला हात लावला. जीभ बाहेर होती, हाताला लागली, पण हलली नाही. अंग अजून कोमट होतं.

"आत्ताच गेलीय," खारू म्हणाली. "आपण सकाळी आलो असतो तर..."

दोघांनी तिला पाय धरून हळूच वर ओढून घेतलं.

गोठ्यात मशीनचं बटण बंद होतं. मामांना विचारलं तर त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं, चार महिने बंदच आहे ते. गाई शिकल्यात, तारेला जात नाहीत, मग उगाच वीज का जाळायची? खोलीतून माणूस बाहेर पडायच्या आत दिवा मालवणारे हे मामा. मामींनी निम्मा संसार चाचपडत केला होता.

"मामा, तिन्ही वासरं या चार महिन्यांतली," मुकादम म्हणाली. "त्यांना कोणी शिकवायचं होतं? चला खाणीवर. बघा."

मामांनी बघितलं. मग तिथेच मुलांच्या पाठी थोपटल्या, गुराख्याला निरोप पाठवतो म्हणाले.

"निरोप नाही," खारू म्हणाली. ती नखशिखांत चिखलानं माखली होती. "बाबा, तुम्ही चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर."

संध्याकाळचं दूध घालायला माणसं जमली होती. डेअरीसमोरच बसचा थांबा, आणि थांब्यावर पत्र्याची पेटी घेऊन गुराखी. मामा मधोमध उभे राहिले. त्यानं काही नेलं नाही, चूक माझी, बटण मी बंद केलं, असं त्यांनी सगळं सांगितलं. माणसं चुळबुळली. मग हळूच सगळ्यांनी सोपी वाट धरली आणि मुलांचं कौतुक सुरू केलं. डेअरीवाल्या आजोबांनी ढापण्याला जवळ घेतलं. मोठमोठ्यांना सुचलं नाही ते पोरांनी शोधलं, म्हणाले. सकाळी हीच माणसं मान डोलावत होती.

मामांनी गुराख्यापुढे किल्ली धरली. त्यानं घेतली नाही. तो खाली बसला आणि खारूच्या कपाळावरचा वाळलेला चिखल अंगठ्यानं काढू लागला.

"काका, चला ना घरी."

"आता मान वर करून जातोय, बाळ. ते तुमच्यामुळे," तो म्हणाला. "पण जातोय."

बस आली. त्यानं पेटी चढवली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला.