हळदीचे ठिपके

मतदान दोन दिवसांवर आलं आणि झुलालची वही गेली.

बहात्तर सालच्या निवडणुकीत धरणगावची नऊशे घरं त्या वहीत होती. झुलालला आकड्यांपलीकडे लिहिता येत नव्हतं. प्रचारासाठी महिनाभर दारोदार हिंडून तो घराच्या नंबरापुढे तेलात कालवलेला ठिपका द्यायचा. कुंकवाचा म्हणजे घर आपलं, काजळाचा म्हणजे विरोधकांचं, हळदीचा म्हणजे काठावरचं.

रिटायर पोलीस जमादार गिरधरआबा प्रचार कचेरीत आले, तेव्हा उमेदवार प्रकाशचंद शेठ तापले होते.

"संध्याकाळपर्यंत वही आली नाही, तर हा कोठडीत जाईल!"

"आबा, मी लिधी नही," झुलाल रडकुंडीला आला होता. "काल दिवे लागताना शेवटला हळदना ठिपका दिधा, कुलूप लावं नि घर गऊ."

कचेरीचं कुलूप शाबूत होतं. "दुसरी किल्ली?" आबांनी विचारलं.

"माझी. आम्हा दोघा भावांच्या घरी खुंटीला असते," शेठचा धाकटा भाऊ कांतीलाल म्हणाला. जीप आणि भोंगे त्याच्याकडे. "आता पायी फिरतं कोण, आबा? वही गेली ते बरंच झालं."

"काल कुठे होतास?"

"दुपारपासून एरंडोलला. आज सकाळी आलो."

ड्रायव्हरनं तेच सांगितलं.

"आणि शेठ, तुम्ही?"

"घरी. कचेरीत काल पाऊलही टाकलं नाही."

आबा शेठच्या घरी गेले. मागच्या अंगणात शेठाणी चंदनबाई कपड्यांना साबण लावत होत्या. एका पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर लाल डाग होता.

"यांचाच सदरा. सकाळी साबणात भिजवताना लाल डाग दिसला. विचारलं, तर पान सांडलं म्हणाले," त्या म्हणाल्या.

आबांनी लिंबू मागून डागावर पिळलं आणि तो ओला सदरा घेऊन कचेरीत परतले.

"साबणानं हळद लाल होते, लिंबानं पुन्हा पिवळी. पानाचा डाग असा पिवळा होत नाही, शेठ."

"घरात हळद सांडतेच."

"सांडते. मग बायकोला पान का सांगितलंत? खुंटीवरची किल्ली तुमच्या हाताशी होती. वही उचलताना झुलालचा ओला ठिपका बाहीला लागला. वही गायब, झुलाल कोठडीत, मग काठावरच्या घरांना मतदानाला आणणार कोण? पण स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतलात?"

शेठनं आधी दार लावून घेतलं.

"समोरच्यांनी कापसाच्या जिनिंग संघाचं अध्यक्षपद कबूल केलंय. बदल्यात मी पडायचं. भोंग्यांच्या भरवशावर आरामात पडलो असतो. पण हा गाढव घरोघर जाऊन मला निवडून आणत होता!"

आबांना त्या माणसाची शिसारी आली.

झुलाल उठला. "मी बठ्ठा दारेसवर तुमनासाठे जबान दिधी. आते परत लेवाले मालेच जानं पडी."

दारोदार दिलेला शब्द परत घ्यायला दोन दिवस तो पुन्हा पायी फिरला. प्रत्येक उंबऱ्याशी हात जोडून, शेठला मत देऊ नका म्हणाला. लोकांनी त्याचं ऐकलं.

शेठ पडले आणि महिन्याभरात जिनिंग संघाचे अध्यक्ष झाले. आपण त्यांचंच काम करून दिलं, हे झुलालच्या ध्यानात आलं नव्हतं. ते त्याला सांगायला आबांची जीभ शेवटपर्यंत रेटली नाही.