रिकामी पट्टी

पट्टी माझ्या दंडावर नव्हती.

मूर्तिजापूर सोडताना होती. बाही वर करून मी पाहिली होती. आता तिथे नुसता ओलसर चौकोन उरला होता. मे महिन्यातली दुपार, अकोल्याहून अमरावतीला निघालेली एसटी, आणि खिडकीतून भट्टीचं दार उघडावं तसा वारा. मी मांडीवर पाहिलं, सीटखाली पाहिलं, ओढणी झटकली… आणि मग ती दिसली. शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर, कोपराच्या जरा वर, ऐटीत चिकटून बसली होती.

तो डोळे मिटून बसला होता. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर घामाचे थेंब, मांडीवर डबा. मी पट्टीकडे पाहत राहिले. ओढून घ्यावी? हळूच? दोन बोटं पुढे केली आणि…

"काय झालं? झुरळ हाय काय?"

डोळे मिटलेलेच होते. मी हात मागे घेतला.

"नाही… ते… ते माझं आहे."

त्याने डोळे उघडले, कोपर वळवून पाहिलं. "हे? हे तुमचं?"

"सुटली. घामाने."

"लागलं होतं काय तुमाले?"

"नाही."

"मंग पट्टी काहून लावली?"

"बघायला."

"काय पाह्याले?"

"सुटते का ते."

तो असा हसला की पुढच्या सीटवरच्या आजींनी मान वळवली. "मंग सुटली ना बाप्पा! पास का नापास?"

"नापास," मी म्हणाले आणि मलाही हसू आलं.

त्याने पट्टी अलगद सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. ठेवता ठेवता उलटसुलट करून पाहिली. "औषध कायचं हाय हिच्यात?"

"काहीच नाही. रिकामी आहे. मी एम. फार्म. करते. अशा पट्ट्या परदेशात मिळतात, इकडे फारशा दिसत नाहीत. आपल्या उन्हात टिकेल असा चिकट थर शोधतोय आम्ही. आधी रिकामी पट्टी अंगावर टिकली पाहिजे, औषधाचं पुढे."

"पण पुढं औषध कोणतं?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. घरी आला, मैत्रिणींत आला, आणि प्रत्येक वेळी उत्तर दिलं की समोरचा एक तर खिदळतो नाही तर विषय बदलतो. मी आवाज खाली आणला.

"बायकांसाठी असतं… मूल राहू नये म्हणून."

आता हा खिडकीबाहेर बघेल, मी मनात म्हटलं. किंवा मोबाइल काढेल.

त्याने भुवया जवळ आणल्या. "कातडीतून?"

"हो."

"आतमधी जाते कसं?"

कसं! दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला 'कसं' विचारत होतं. मग बडनेऱ्यापर्यंत मी बोलत होते. औषध कातडीतून हळूहळू रक्तात कसं उतरतं, त्याने बीजकोशातून बीज बाहेर पडणं कसं थांबतं, आठवड्याला एक पट्टी अशा तीन, मग एक आठवडा मोकळा. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. ही आठवड्यातून एकदा बदलली की झालं. तो मधेच थांबवून विचारायचा, "अन आंघोळीत?" "अन तेल लावलं तं?" आंघोळीत चालते, तेल लावलेल्या जागी चिकटत नाही. "अन उन्हात दिवसभर निंदण करनाऱ्या बाईले?"

"तेच तर बघायचंय," मी म्हणाले. "आणि आमची चाचणीची माणसं सगळी पंख्याखाली बसणारी."

"मले लावा मंग."

"तुम्हाला?"

"मी लाइनमन हाय. हिवरखेडले. दिवसभर खांबावर. घामाले काय समजते, बाईचा दंड हाय का मानसाचा?" आणि मग, जरा ओशाळून, "माहं नाव सुगत."

"प्रियदर्शनी," मी म्हणाले.

"एवढं लंबं?"

"दर्शनी म्हणतात घरी."

"हां… हे चिकटते तोंडात."

पुढच्या सुट्टीला तो खरंच कॉलेजात आला. आमच्या मॅडमनी त्याला सगळं समजावलं, संमतीची सही घेतली. मी त्याचा दंड स्पिरिटने पुसला, पट्टी ठेवली आणि तळव्याने दाबून धरली. दहा सेकंद पुरतात. मी बहुधा जास्त धरली, कारण तो म्हणाला, "दर्शनी मॅडम, आता तं मी बी चिकटलो."

मॅडम खोकल्या. मी हात काढला.

मग सुरू झाले व्हॉट्सअॅपवरचे निरोप. त्याला लिहायचा कंटाळा. तो बोलून पाठवायचा. मागे कुठेतरी पाखरं, ट्रॅक्टर, कुणाची तरी हाक. "दर्शनी मॅडम, खांबावरून उतरलो. एक कोपरा उठला. म्या नाही उठवला, शप्पत." सोबत दंडाचा फोटो. पट्टीचा कोपरा बघायला दोन क्षण पुरे होते… मी बराच वेळ बघायचे. त्या दंडावर शर्टाच्या बाहीची रेघ होती. खाली काळा, वर गव्हाळ.

"सोबतचे पोट्टे इचारत होते, गंडा बांधला काय," एकदा त्याचा निरोप आला. "म्या खरं सांगतलं. तं म्हनतात, बाळंतपन टाळून राहिला काय बे? म्या म्हटलं, हाव! तुमच्या बायका टाळतीन तवा कामी येईन."

"चिडला नाहीत?"

"चिडू काहून? एका जनानं तं मागून येऊन इचारलं, हे खरंच भेटते काय म्हनून. त्याले तीन पोरं हायेत."

पहिली पट्टी चौथ्या दिवशी पडली. मॅडमनी थर बदलला. दुसरी सहाव्या दिवशी कोपऱ्यातून गुंडाळली. मी हिरमुसले की तो म्हणायचा, "दुसरी लावू. माहा दंड कुठी चालला?" आणि कामाचं बोलून झाल्यावरही फोन चालूच राहायचा. तो प्रश्न विचारायचा. डोक्याचं दुखणं गोळीला सापडतं कसं? भूल उतरते कशी? मला जे येत नसे ते मी वाचून ठेवायचे, त्याने विचारावं म्हणून.

एका संध्याकाळी फोन आला आणि पलीकडून बाईचा आवाज. "जयभीम वं बाई. मी सुगतची माय, सुंदराबाई."

मी ओढणी सावरली. "जयभीम, काकू."

"हे पट्टी बाईले लावाची असते म्हने. मंग माह्या पोराले काहून लावली?"

मी अडखळत समजावलं. रिकामी आहे, अपाय नाही, उन्हासाठी. त्या ऐकत होत्या. मधे मधे "हं" म्हणत होत्या.

"दंडावर दिसते की वं. सासू पाहीन तं?"

"पोटावर, कमरेखाली, पाठीवरही लावता येते, काकू. छातीवर तेवढी नाही."

"असं असं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "अन घरच्या मानसाले सांगा लागते काय?"

"डॉक्टरला आधी दाखवावं लागतं. सगळ्यांना चालत नाही ती. पण ठरवायचं बाईनेच असतं, काकू."

पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. "माह्यावक्ती…" त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. "बरं. जेवली का वं तू?"

त्या रात्री मी सुगतला विचारलं, "काकू रागावल्या?"

"रागावली? नवी पट्टी कवा येते इचारून राहिली!"

तिसरी पट्टी टिकली. पूर्ण सात दिवस. खांबावर, विहिरीतल्या पोहण्यात, सगळ्यात. ती काढायला तो रविवारी अमरावतीला आला. कॉलेज बंद, म्हणून आम्ही छत्री तलावावर गेलो. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, बाक ओला. त्याने रुमाल पसरला. एकच होता, त्यामुळे जवळ बसावं लागलं.

"ओढा," त्याने बाही वर केली. "हळू हं. सवय झाली तिची."

मी कोपरा सोडवला. पट्टी हळूहळू निघाली, खाली कोवळा, फिकट चौकोन. मी नकळत त्यावरून बोट फिरवलं. त्याने दंड हलवला नाही.

"एक इचारू?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "लग्न झाल्यावर… तुमी हेच वापरसान?"

"नाही. मला चालत नाही."

"म्हंजे?"

"माझं डोकं दुखतं अधूनमधून. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वेडीवाकडी चमक येते. असं दुखणं असेल तर या औषधाने मेंदूत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: ही पट्टी नको, तसलं औषध असलेल्या नेहमीच्या गोळ्याही नकोत."

"तरी साऱ्या दुनियेसाठी बनवून राहिल्या?"

"दुनियेचं डोकं नाही ना दुखत."

तो हसला नाही. मला वाटलं, आता बोलायचं आहे ते बोलूनच टाकावं. पुढे आणखी जड जाईल.

"आणि सुगत… मला पीएच.डी. करायची आहे. तीनेक वर्षं तरी मूल नको. चांदूरला आमच्या घरी स्थळं येतात, मी आधी हेच सांगते. दोघं उठून गेले. एकाच्या आईने तर चहाही अर्धा ठेवला."

त्याच्या कपाळावर ती बसमधली आठी उमटली. तो काहीतरी विचारणार असं वाटलं. पण त्याने घड्याळ पाहिलं. "हिवरखेडची गाडी हाय माही. सुटीन." आणि उठला. रुमाल तसाच बाकावर राहिला.

त्यानंतर फोन नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार. हिवरखेडजवळ तेल्हाऱ्याकडे वादळ झालं, खांब पडले, हे मी बातमीत वाचलं आणि काळजीने विचारलं, "ठीक आहात ना?" उत्तर आलं: "हाव." बस, एक शब्द. कुतूहल असलेला माणूस गप्प बसला की फार गप्प वाटतो… मी प्रयोगशाळेत तिसऱ्या पट्टीचे आकडे मांडत होते. मॅडम खूश होत्या. मला आकडे दिसत नव्हते.

शनिवारी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडले, तर समोर रसवंतीवर तो. हातावर ओरखडे, डोळे जागून लाल. मी जवळ गेले, पण बसले नाही.

"बसा ना."

"तुम्ही उठून गेला होता."

"हाव. मले काही समजतच नव्हतं, मंग तोंड उघडून काय करू?" त्याने दोन ग्लास सांगितले. "बुधवारी दवाखान्यात गेलतो. आमच्या गावच्या नर्सबाईले इचारलं, एखाद्या बाईले हे औषध चालत नसन तं काय काय रस्ते हायेत? तिनं तांबी सांगतली. तिच्यात हे औषध नसते म्हने. ते तुमचं अंग, तुमी ठरवा. निरोध सांगतला. ते माह्याकडं."

रसवाला आमच्याकडे बघायला लागला. सुगतने आवाज कमी केला नाही.

"मंग नर्सबाईनं इचारलं, लग्न झालं काय तुमचं? म्या म्हटलं, नाही, मॅडम. अजून तिले इचारलंच नाही."

मी बसले.

"काकूंना माहीत आहे? तीन वर्षांचं?"

"मायलेच पहिले सांगतलं. ते म्हने, मले पाच पोरं झाले, मले कोनी इचारलं काय? तू तिले इचारून राहिला, तं इचार." तो ग्लासकडे बघत होता. "तीन तं तीन. चार म्हनसान तं चार."

"आणि नंतरही नकोच वाटलं तर?"

त्याने खरंच विचार केला. आठी आली, गेली. "माहीत नाही. मले लेकरं आवडतात, खोटं नाही सांगत. तवा पुन्हा असंच बसू. बोलू."

एखाद्याने पटकन 'चालेल' म्हटलं असतं तर मी इतकी विरघळले नसते. त्याचं ते 'माहीत नाही' माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं.

कॉलेजात आल्यापासून मी घरची बोली गुंडाळून ठेवली होती. त्या क्षणी ती आपोआप ओठांवर आली. "मंग इचार ना."

त्याने मान वर केली. "काय?"

"जे नर्सबाईले म्हटलं… अजून इचारलं नाही म्हनून."

त्याचे कान लाल झाले. खांबावर चढणारा माणूस, पण हातातला ग्लास खाली ठेवायचंही विसरला. त्याने ओठ ओले केले, माझ्याकडे वाकला आणि विचारलं. नेमका त्याच वेळी रसवाल्याने ऊस यंत्रात घातला, चाकाला बांधलेली घुंगरं खणखणायला लागली आणि एक अक्षर मला ऐकू आलं नाही.

"हो," मी म्हणाले.

"आइकू आलं तुले?"

"नाही."

"मंग हो कायले म्हटलं?"

"तू पुन्हा इचारशीन म्हनून."

त्याने रसवाल्याला हात केला, "भाऊ, एक मिनिट थांबवता काय?" यंत्र थांबलं. घुंगरं एकेक करून गप्प झाली. शेजारच्या बाकावरची कॉलेजची मुलंही गप्प झाली. आणि सुगतने सगळ्यांसमोर, अगदी हळू, मला पुन्हा विचारलं.