काळ्या बिअरचा वास

तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. मी तिथे उभी होते, एवढंच सांगते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे चार. जागा चाकणजवळचं कुरुळी गाव.

माझा नवरा सिद्धेश आणि त्याचा मित्र रणजीतदादा, दोघांनी मिळून तिथे एका शेडमध्ये बिअर बनवायची छोटी ब्रुअरी टाकली होती. शेड दादांच्याच शेतात.

कोरोनात दादांना वास यायचा बंद झाला, तो कायमचाच. म्हणून बिअर ते बनवायचे आणि वास-चव सिद्धेश सांगायचा. तरी दादांचा दिवसभर एकच चाळा. बिअरसाठी भाजलेलं बार्लीचं माल्ट, कॉफी, हाताला लागेल ते नाकाशी धरायचं आणि जोरात श्वास ओढायचा.

काहीच यायचं नाही.

चेक पद्धतीची काळी लागर बिअर बनवायची, हे त्यांचं स्वप्न. डिसेंबरात टाकी भरली. ही बिअर थंड खोलीत दोन महिने मुरवावी लागते.

ती मुरत असतानाच दादा चाकण रस्त्यावर अपघातात गेले.

त्या रविवारी पहिली चव घ्यायची होती. आम्ही दोघं आणि दादांच्या आई, सोजराबाई. त्या पिणार नव्हत्या. "लेकानं काय केलंय ते बघते," म्हणाल्या. टाकीला उदबत्ती ओवाळून ती बाहेर आमच्यासमोर लावली.

सिद्धेशने ग्लास भरले. काळीभोर बिअर, वर जाड फेस. भाजलेल्या पावासारखा खमंग वास.

सिद्धेशचे डोळे भरून आले. "जमलंय गं. रणजीतला एकदा तरी हा वास..."

तेवढ्यात मागच्या थंड खोलीतून आवाज आला.

कुणीतरी श्वास ओढत होतं... नाकाने. लांब. सावकाश.

मी घाबरून घोट घेतला. चव काहीच नाही, नुसतं गार पाणी प्यायल्यासारखं.

"सिद्धेश, वास येतोय तुला?"

"नाही."

उदबत्तीचा धूर समोर दिसत होता... वास नव्हता.

परत तोच आवाज. आता दाराच्या अलीकडून.

सोजराबाई उठल्या. "माझ्या लेकाचा श्वास हाय ह्यो," हळूच म्हणाल्या. "रणजीत, आला का रं वास?"

आवाज थांबला.

सिद्धेशने खोली उघडून पाहिली. आत फक्त टाक्या.

मला दोन दिवसांनी वास यायला लागला. सोजराबाईंनाही. सिद्धेशला आजवर आलेला नाही. तीन डॉक्टर झाले. दोष काही नाही म्हणतात.

ब्रुअरी बंद कर म्हटलं, ऐकत नाही. बिअर आता तोच बनवतो. लोक म्हणतात, आधीपेक्षा छान.

मागच्या आठवड्यात मी त्याचा डबा घेऊन गेले. तो थंड खोलीत एकटाच होता. हातात भरलेला ग्लास. पण ग्लास त्याच्या नाकाशी नव्हता. हात लांब करून त्याने तो समोर धरला होता... कुणाच्या तरी नाकाच्या उंचीवर.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

त्याने कान दिला.

मग तो मान हलवत चवीच्या नोंदवहीत लिहायला लागला.

मी डबा बाहेरच ठेवून निघाले. त्याला काय उत्तर मिळालं, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.