कुसळगडावरची हाक

कुसळगडाच्या पूर्वकड्यावर उजेडाची पहिली रेघ उमटत होती, खालच्या खोऱ्यात धुकं दह्यासारखं विरजून बसलं होतं, आणि महादरवाजाच्या आत घागरी घेतलेल्या बायका नि विळे खोचलेले गवतकापे दार उघडायची वाट बघत उभे होते. कारण गडावरचं टाकं आटलं होतं आणि पाणी आता फक्त खालच्या झऱ्याला उरलं होतं.

पण दार असं उघडत नसे. गडाची चाल होती. आधी महादरवाजातली दिंडी, म्हणजे एक माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार, उघडायची. एकाने बाहेर जायचं, तीस पावलांवरच्या वळणापर्यंत उतरायचं, झाडी न्याहाळायची आणि दारावरच्या नाइकाचं नाव घेऊन हाक द्यायची, "वाट मोकळी!" मगच मोठा अडसर निघे. बाहेर जाणारा माणूस कायम महारवाड्यातला. आधी कोणी मरायचं, हे गडावर न बोलता ठरलेलं होतं.

त्या दिवसांत भागनाक जाई. दारावर नाईक होता चांगोजी. दोघांनी पोरवयात याच उतारावर गुरं राखली होती. एकाच्या भाकरीला दुसऱ्याचा हात लागू नये, हा घरचा हुकूम. रानात मात्र दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात.

"चांग्या, दिंडीला तेल घाल की. तुझ्या आज्यावानी कण्हतीया," भागनाक म्हणाला.

हवालदार जिवाजीराव शेजारीच होते. त्यांच्या कपाळाची शीर ताठली. "जीभ आवर! नाईक आहेत ते. चांगोजी नाईक म्हण."

"सरकार, हुकूम डोक्यावर. पर ह्याला इच्चू चावला तवा पाठकुळी घेऊन मी पळालोय. गळ्यावर सुरी ठिवली तरी ह्याच्यासाठी 'जी' निघायचा न्हाई."

बायका पदराआड हसल्या. चांगोजीही हसला. भागनाक वाकून बाहेर गेला.

दिंडी वीतभर उघडी ठेवून चांगोजी कान देऊन उभा राहिला. आज जरा उशीर झाला. मग धुक्यातून हाक आली, खणखणीत:

"वाट मोकळी आहे, चांगोजी नाईक!"

"शिकला एकदाचा," हवालदार समाधानाने म्हणाले. "काढा अडसर."

चांगोजीने दिंडी ओढून घेतली. आतून आडणा घातला. तो घालताना तो क्षणभरही अडखळला नाही. पुढे कित्येक वर्षं त्याला याचंच नवल वाटत राहिलं.

"नाईक! हा काय प्रकार?"

"गनीम आहे खाली."

"कशावरून?"

"मला 'जी' म्हणाला."

हवालदारांना काही कळेना. तोवर चांगोजी पायऱ्या चढून बुरुजावर पोचला होता. वळण बरोबर बुरुजाखाली होतं, आणि तटावर धोंडे रचलेले होते. धोंड्यांपाशी उभ्या असलेल्या गड्याने त्याच्याकडे पाहिलं.

"नाईक, भागनाक हाय खाली."

"ठाऊक आहे."

"मग?"

"सोडा."

धोंडे सुटले. क्षणभर नुसती गडगड. मग खालून एकाची नव्हे, शेदोनशे माणसांची बोंब उठली. शिड्या टाकून गनीम पळत सुटला आणि उन्हं चढेस्तोवर उतार रिकामा झाला. दाराआडच्या त्या बायका जिवंत राहिल्या, घागरी घेऊन घरी गेल्या.

भागनाक वळणावरच सापडला. गळा चिरलेला होता आणि छातीवर धोंडाही होता. आधी काय झालं, हे चांगोजीने कोणाला विचारलं नाही.

सबनिसांनी राजधानीला पत्र लिहिलं: हवालदारांच्या सावधपणाने गड राखला. हवालदारांना सोन्याचं कडं आलं, चांगोजीला शेला.

"पत्रात भागनाकाचं नाव आहे का?" चांगोजीने सबनिसांना विचारलं.

"दिंडीबाहेर जाणाऱ्याचं नाव लिहायची चाल नाही, नाईक."

"चाल," चांगोजी म्हणाला आणि गेला. तो रडला नाही. जेवला, पहाऱ्यावर उभा राहिला, माणसांची पाळी लावली. शेला खुंटीवरच राहिला, उंदरांनी कुरतडला.

दुसऱ्या पहाटे भागनाकाच्या जागी राणनाक आला. नवखा, घाबरलेला. बाहेर गेला, वळणावरून ओरडला, "वाट मोकळी, चांगोजी नाईक!"

दार उघडलं नाही. तो पुन्हा ओरडला. शेवटी धावत येऊन दिंडीला तोंड लावून म्हणाला, "नाईक, काय चुकलं?"

"नाव चुकलं. चांग्या म्हण."

"जी, जीभ रेटत न्हाई."

"मग बस बाहेर."

हवालदार संतापले. पाणी अडलं, बायका कुरकुरल्या. चांगोजी अडसराला पाठ लावून बसला. उन्हं दारावर आली तेव्हा कुठे बाहेरून चिरका आवाज आला:

"वाट मोकळी रं, चांग्या!"

चांगोजी उठला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने अडसर काढला.

पुढे चांगोजी मेला, दारावर दुसरे नाईक आले, त्यांची नावं वेगळी होती. हाक तीच राहिली.