खालचा तो खरा

नेमाची बाई मी. खोटं बोलून माझा नेम मोडणार नाही. हे माझ्या ताईच्या घरात घडलं. गेल्या थंडीतला शनिवार, दिवेलागणीची वेळ. चौथा मजला, आतली खोली.

ताईचा थोरला अपघातात गेला, त्याला वर्ष झालं होतं. मागे राहिला धाकटा. अबोल पोर.

"देवालाही बोलकाच हवा होता," ताई त्याच्यादेखत म्हणायची. "आम्हाला ठेवला हा मुका."

थोरल्याचा आवाज मात्र घरात उरला होता. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये. त्याने स्वतःचा आवाज भरून एक मॉड बनवला होता, म्हणजे मूळ गेमला वरून लावलेली भर. त्यातला म्हातारा वाटाड्या थोरल्याच्या आवाजात बोलायचा. ताई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून ऐकत बसायची. धाकट्याने फक्त माऊस हलवायचा.

त्या शनिवारी, ताई यायच्या आत, धाकट्याने स्वतःचा वेगळा मॉड बनवून त्याच वाटाड्याला गुपचूप आपला आवाज दिला. दोन मॉड एकाच गोष्टीवरून भांडले, की मॉडच्या यादीत जो खाली तो जिंकतो. धाकट्याने आपला मॉड सगळ्यात खाली ठेवला.

आईने एकदा तरी आपल्याला ऐकावं, एवढीच त्याची हाव.

गेम सुरू झाला.

वाटाड्या बोलला... थोरल्याच्या आवाजात.

धाकट्याने यादी उघडली. थोरल्याचा मॉड सगळ्यात खाली!

आपलंच चुकलं असेल, म्हणून त्याने तो वर सरकवला.

तो पुन्हा खाली.

"मेलास तरी पुढंपुढं करतोस का रे, दादा?" धाकटा चिडून पुटपुटला. आणि त्याने तो मॉड काढूनच टाकला.

वाटाड्याने तोंड उघडलं... आवाजच नाही. ना दादाचा, ना त्याचा.

स्वयंपाकघरात वाजणारी भांडी एकदम थांबली.

"आई!" धाकट्याने हाक मारली.

हाक दादाच्या आवाजात होती.

ताई ओल्या हातांनी धावत आली.

"आई, मी धाकटा आहे गं!" तो रडत म्हणाला. दादाच्याच आवाजात.

ताईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "असलं अभद्र बोलू नकोस. दुसरं बोल. काहीही बोल."

डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. हे सगळं धाकट्यानेच मला तेव्हा रडतरडत सांगितलं, तेही दादाच्या आवाजात.

परवा मी फोन केला. उचलला त्यानेच.

"काय मावशी, उपास करकरून वाळलीस, की आहेस अजून?"

ही थट्टा थोरल्याची. धाकट्याने माझी थट्टा जन्मात कधी केली नाही.

मग ताई फोनवर आली. इतकी आनंदात, की बोलताना दम लागत होता. आणि तिच्या मागून, बारीक...

"मावशी... मी इथे आहे..."

तो आवाज मी ओळखला. पोर मोजकंच बोलायचं, म्हणून तर लक्षात राहिलेला.

"ताई, आत कोण बोलतंय?"

"कुणी नाही गं. तो गेममधला वाटाड्या. दिवसभर कटकट करतो मेला. थांब, आवाज बंद करते."

बटण दाबल्याचं ऐकू आलं. खट्ट.

मी रोज देवापुढे दोघांसाठी हात जोडते. एकासाठी शांती मागायची, एकासाठी आयुष्य.

कुणासाठी काय मागायचं... ते आता मला कळत नाही.