ओदुरो मास्तरांचा डबा

लाइट यायला अजून तास तरी आहे. तोवर ते मोबाइल खिशात घाला आणि जवळ सरका. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि मी त्यांच्यातला नाही. पण न्सिया माझ्या ओळखीचा होता. बंतामाच्या बाजारामागे त्याची लाकडी टपरी, माझ्या दुकानापासून चार पावलांवर. लॅपटॉप, मोबाइल, हार्ड डिस्क, जे काही मेलं ते लोक त्याच्याकडे घेऊन जायचे. खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे, असा माणूस. जे सांगतोय ते त्यानंच मला सांगितलं, तेही एकदाच.

गेल्या वर्षी ऑगस्टची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी पाच वाजता न्सिया पाठीवर पिशवी टाकून क्वादासोला निघाला. काम रोजच्यासारखंच होतं. तिथले ओदुरो मास्तर भूगोल शिकवायचे आणि त्यांना चित्रीकरणाचं भारी वेड. पोरींचा प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक नाताळ त्यांनी टिपून ठेवला होता. हे सगळं ठेवायला त्यांनी घरातल्या वायफायला जोडलेला एक डबा घेतला होता. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच ते लिहिलेलं. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. मास्तर जुलैत वारले आणि मागोमाग डबाही बंद पडला.

बंद पडेल नाहीतर काय. मास्तर गेले त्याच दिवशी त्यांचे थोरले भाऊ बादू, जे आता कुळाचे प्रमुख झालेत, त्यांनी रीतीप्रमाणे खोलीला कुलूप ठोकलं, चाळीस दिवसांसाठी. आत डबा तसाच चालू. दिवसातून चार वेळा वीज जायची, चार वेळा धक्का देत यायची, आणि बघायला कोणी नाही.

त्या डब्यात एक चित्रीकरण होतं, आणि त्याच्यावर एका बाईचं छप्पर अवलंबून होतं. आपल्यात बापाचं घर बायकोपोरांना न जाता त्याच्या आईकडच्या कुळात, भावाला नाहीतर बहिणीच्या पोरांना जातं, कायदा काहीही म्हणो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मास्तर शहाणे. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी घर बायकोला देऊन टाकलं, तेही रीतीनं. कुळातल्या माणसांसमोर "दिलं" म्हणाले. बायकोनं, आंटी अफ्राकोमानं, आभाराची श्नॅप्स दारूची बाटली पुढे ठेवली. कुळाच्या माणसानं ती प्यायली की तो साक्षीदार झाला, विषय संपला. प्यायले होते बादू. बाकी हजर होते दोघं. त्यातला एक मातीत गेला, दुसरा बादूंच्याच ताटात जेवतो. आता बादू म्हणत होते, कसली बाटली? शनिवारी चाळिसावा, थोरले बसून घराचा निकाल लावणार. कुळातली एक म्हातारी आंटीच्या बाजूनं अडून बसली म्हणून खोली दोन दिवस आधी उघडली, आणि आंटीनं न्सियाला बोलावलं, एवढंच. अटही होती, वस्तू खोलीबाहेर न्यायची नाही.

आता न्सियाची चूक ऐका. शहरात वाढलेला एखादा असता तर सरळ खोलीत गेला असता. न्सियाला आजीनं वाढवलेलं. तो आधी थोरल्यांना भेटायला दिवाणखान्यात गेला. बादूंनी बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, कशाला आलास बाळ? आपल्यात पाणी पिऊन झालं की येण्याचं कारण लपवत नाहीत. "मशीन बघायला" म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं सगळं सांगितलं. बाटलीचा दिवस, चित्रीकरण, शनिवार, सगळं. बादूंनी मान डोलावली आणि म्हणाले, कर तुझं काम.

त्यानं काम चोख केलं. आधी डब्याची वायर बदलली, मग चार्जर बदलला. डबा सुरू झाला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर विचारू लागला, डिस्क ओळखता येत नाहीत, सगळं नव्यानं तयार करू का? या प्रश्नाला "हो" म्हणायचं नसतं. "हो" म्हटलं की आतलं होतं नव्हतं ते पुसलं जातं. न्सियानं दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, चिकटपट्टी लावून एक आणि दोन असे आकडे टाकले. एक नंबर नुसती टक् टक् करत होती, ती गेलेली. ती सोडवून टेबलावर ठेवली. दोन नंबर धडधाकट निघाली. ती लॅपटॉपला जोडली आणि सगळं उतरवून घ्यायला लागला.

नऊ वाजता आंटी मक्याचं केंके आणि तळलेली मासळी घेऊन आली. दारातच उभी राहिली, नवऱ्याच्या खोलीत तिचं पाऊल पडेना. म्हणाली, "घराचं होईल ते होईल. धाकटी विचारते, बाबांचा आवाज त्यात आहे ना?"

"आहे आंटी," न्सिया म्हणाला. "सकाळी ऐकवतो."

अकराला ते चित्रीकरण सापडलं. त्यानं चालवून पाहिलं. मास्तर बोलतायत, आंटी बाटली ठेवतेय, आणि बादू हसत पेला तोंडाला लावतायत. त्याला इतका आनंद झाला की त्यानं टेबलावर थाप मारली.

पाऊण वाजता बादू खोलीत आले. मास्तरांच्या पलंगावर बसले.

"दिसलं?"

"दिसलं, नाना."

"कोण दिसलं?"

न्सिया म्हणाला, "तुम्ही."

"हं." बादूंनी पलंगाची चादर हातानं सारखी केली. "तुझी टपरी कोणाच्या जागेवर आहे रे?"

"...तुमच्या कुळाच्या."

"मी धमकी देत नाही. नुसतं विचारतोय." आवाज अगदी मायेचा. "खोटं बोल असंही म्हणत नाही. डिस्क कोरी होती, एवढंच सांग. आणि ती खरंच कोरी असेल, तर त्यात खोटं कुठलं?"

मी या ठिकाणी न्सियाला थांबवलं होतं. विचारलं, मग तू काय केलंस? तो माझ्याकडे बघेना. बारा वर्षं राबून उभी केलेली टपरी, आई, दोन भाऊ, सगळे त्या टपरीवर. त्यानं लॅपटॉपवर उतरवलेलं सगळं पुसलं. दोन नंबरची डिस्क डब्यात घातली. डब्यानं विचारलं, नव्यानं तयार करू का? त्यानं "हो" दाबलं. सहा मिनिटं लागली. बादू शेवटपर्यंत बसून होते. मग उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि झोपायला गेले.

एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

न्सिया अंधारात पिशवी भरू लागला. डबा बंद होता. पंखा थांबला होता. घरात कसलाच आवाज नव्हता.

टक्.

त्यानं हात थांबवला.

टक्... टक्.

टेबलावरची एक नंबरची डिस्क. सुटी. वायर नाही, वीज नाही, कशालाच जोडलेली नाही. त्यानं ती उचलली. हाताला कोमट लागली. आणि आत काहीतरी फिरत होतं.

टक्... टक्...

त्यानं ती उशीखाली दाबली. आवाज थांबला नाही.

मग पिशवीतून उजेड आला. लॅपटॉप त्यानं स्वतः बंद करून आत ठेवला होता. तो उघडला... पडद्यावर एकच फाइल. बाटलीच्या दिवसाची. त्यानं हात लावला नाही. ती आपोआप चालू झाली.

तीच बैठक. तेच मास्तर. आंटीनं बाटली ठेवली. पेला घेणाऱ्यानं तोंड वर केलं...

पेला घेणारा न्सिया होता.

उजाडेपर्यंत तो खोलीच्या कोपऱ्यात बसून होता. सकाळी आंटी आली, धाकटीचा हात धरून. त्यानं सांगितलं, डिस्क कोरी निघाली. कान लाल झाले की नाही, कोण जाणे. पोरगी म्हणाली, "पण तुम्ही तर म्हणाला होतात..." आणि आईनं तिला बाहेर नेलं. शनिवारी निकाल लागला. रविवारी दोन पोरी आणि तीन बोचकी घेऊन बाई ओफिन्सोला माहेरी गेली. चर्चमधल्या एका माणसानंही तिला थांब म्हटलं नाही. आपण सगळे असेच, मीसुद्धा.

बादूंचं काय झालं, असं विचारताय? काही नाही. त्याच घरात राहतात, सकाळी फिरायला जातात, रक्तदाबाचा त्राससुद्धा नाही. मेलेला त्यांच्याकडे गेलाच नाही. कशाला जाईल? भाऊ शब्द फिरवणार हे मास्तरांना आधीच ठाऊक होतं, म्हणून तर कॅमेरा लावला. भरवसा भावावर नव्हताच, होता तो डब्यावर, आणि डबा उघडणाऱ्यावर.

न्सियाची टपरी कोणी काढली नाही. त्यानंच दोन महिन्यांत बंद केली. समोर आलेल्या कुठल्याही डिस्कला त्याचा हात लागेना. जाताना तो लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला. ती फाइल मी पुसून पाहिली, लॅपटॉपमध्ये नवी डिस्क घालून पाहिली. ती असतेच. आंटीला पाठवावी असंही मनात आलं, पण काय म्हणून पाठवू? थोरल्यांपुढे तिचा काय उपयोग? त्यात बादू नाहीतच.

मी ती पूर्ण पाहिली आहे, एकदा. तारीख तीन वर्षांपूर्वीची. न्सियाच्या अंगात मात्र त्या गुरुवारचा सदरा. तो पेला रिकामा करतो, खाली ठेवतो. मग मास्तरांचा आवाज येतो. त्या दोघांची हयातीत कधी गाठ पडली नव्हती, तरी नाव घेऊन विचारतात, अगदी साधेपणानं, वर्गात पोराला विचारावं तसं.

"न्सिया... तू साक्षीला आहेस ना?"

न्सिया तोंड उघडतो. फाइल तिथेच संपते.